वायफायला कुलूप लावून देता का?

मी वायफाय जोडायचं काम करतो. राउटर भिंतीवर टांगून होतोय न होतोय तोच घरातलं कोणीतरी, बहुतेक वेळा आईच, हळू आवाजात विचारते, "दादा, पोरांना वाईटसाईट काही दिसणार नाही असं करता येतं का यात?" इतके जण विचारतात, तर एकदाचं लिहूनच टाकतो.

येतं की. दोन मिनिटांचं काम आहे, पैसेही नाहीत. राउटरच्या सेटिंगमधे डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि त्याखाली १.०.०.३ टाकायचं, क्लाउडफ्लेअरवाल्यांनी २०२० पासून फुकट ठेवलंय. डीएनएस म्हणजे साइटचं नाव घेतलं की तिचा पत्ता सांगणारा, आणि हा घाणेरड्या साइटचा पत्ता सांगतच नाही, म्हणून पान उघडत नाही. बास, एवढंच.

आता खरं सांगतो. हे आपल्या वायफायपुरतं. पोरानं मोबाइल डेटा चालू केला की कुलूप दाराला आणि पोरगं खिडकीतून बाहेर. अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमधे प्रायव्हेट डीएनएस असतं, तिथे आकडे चालत नाहीत, family.cloudflare-dns.com हे नाव टाकलं तर डेटावर पण चालतं, पण आठवीतलं पोरगं ते काढू शकतं, व्हीपीएन, म्हणजे असलं कुलूप चुकवून जाणारं ॲप, तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि युट्यूब किंवा इन्स्टाच्या आत काय चाललंय ते डीएनएसला दिसत नाही, त्याचं काम पत्त्यापर्यंतच.

पण माझा अनुभव वेगळाच आहे. एका घरी तिसरीतली मुलगी रात्री एकटी झोपेना, दिवा बंद करू देईना, म्हणून मला बोलावलं की बघा हो टॅबमधे काही आलंय का. टॅबमधे काही नव्हतं, नुसती कार्टून. ती गेम खेळायला घ्यायची पप्पांचा फोन, आणि त्याच्या गॅलरीत अपघाताचा व्हिडिओ, तसला की मलाच बघवेना. ग्रुपवर आलेला, पप्पांनी उघडलापण नव्हता, व्हॉट्सॲपनं आपोआप उतरवून गॅलरीत ठेवलेला. तेव्हा व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधे जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, चॅट्समधे मीडिया व्हिजिबिलिटी पण बंद करा. ग्रुप सोडा म्हटलं तर म्हणाले, "साहेब आहेत त्यात."

आणि हो, कोणी अनोळखी माणूस पोरांकडे फोटो मागत असेल, धमकावत असेल तर मला नका बोलावू, ते माझ्या आवाक्यातलं नाही. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा, चॅट डिलीट करू नका, आणि पोराला मारू तर अजिबात नका, नाहीतर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाही.

आता राउटर लावून झाला की मी पप्पांचाही फोन मागतो. बरेच जण म्हणतात, राहू दे, मी करतो नंतर.