माझा प्रबंध, त्यांची किल्ली

परवा जुन्या हार्ड डिस्कवर माझा प्रबंध सापडला. ज्या प्रोग्रॅममध्ये तो टाइप केला होता, त्याच्याच नव्या आवृत्तीने फाइल उघडायला साफ नकार दिला. लिहिलेलं माझं, किल्ली त्यांच्याकडे! शेवटी लिब्रेऑफिस हे खुलं सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो) कामी आलं. तक्ते जरा विस्कटले, पण मजकूर शाबूत.

त्यावरून २००१ आठवलं. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमला चक्क कर्करोग म्हटलं होतं. रोख खरं तर लिनक्सच्या जीपीएल परवान्यावर, म्हणजे त्याचा कोड वापरण्याच्या अटींवर होता. त्याखालचा कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये मिसळून तो लोकांना दिला, तर आपला कोडही त्याच अटींवर खुला करावा लागतो. कुलपं विकणाऱ्याला हे झोंबणारच. पुढे २०१८मध्ये त्याच कंपनीने साडेसात अब्ज डॉलरना गिटहब घेतलं, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरचा कोड जिथे ठेवतात ते संकेतस्थळ. मन बदललं की हिशेब? मला तरी हिशेबच वाटतो. क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून वापरायला दिलेल्या सर्व्हरचं भाडं मिळतंय, मग सर्व्हरवर लिनक्स असलं म्हणून काय बिघडलं?

मीही काही सोवळा नाही. फोटो अजून बंदिस्त सॉफ्टवेअरमध्येच सुधारतो. गिंप हे त्याच कामाचं खुलं सॉफ्टवेअर दोनदा शिकायला घेतलं, दोनदा सोडलं. प्रबंध मात्र ओडीटी या खुल्या फाइल-प्रकारात साठवून ठेवलाय.