‘ये’ या शब्दाची पत गेलेली असते

संध्याकाळी मैदानावर हे चित्र हमखास दिसतं. कुत्रा मोकळा आहे, मालक हातात पट्टा धरून हाका मारतोय. कुत्रा येतो, अगदी दोन हातांवर येऊन थांबतो, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करतो. मालकाचा हात गळपट्ट्याकडे गेला रे गेला की बाजूला उडी मारून पसार. मालक चिडतो, आवाज चढतो, कुत्र्याला वाटतं खेळ रंगला. अर्ध्या तासानं कसाबसा हाती लागतो आणि वर एक धपाटा खातो.

लोक म्हणतात, हट्टी आहे, ऐकत नाही. त्या कुत्र्यानं खरं तर हिशोब चोख ठेवलेला असतो. ‘ये’ ऐकून गेलं की काय होतं? पट्टा लागतो, मजा संपते, घरी जावं लागतं. कधी अंघोळ, कधी कानात औषध, आणि उशीर झाला असेल तर मार. कुत्रा शिक्षेचा संबंध शेवटच्या कृतीशी जोडतो, आणि शेवटची कृती असते तुमच्याजवळ येण्याची. त्याला पळाल्याचा धपाटा बसलाच नाही, बसला तो परत आल्याचा.

त्याच कुत्र्याला घरात चिकनची पिशवी उघडल्याचा आवाज आला तर तिसऱ्या खोलीतून येतो. पिशवीच्या आवाजाला यायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो आवाज आजवर कधी खोटा ठरलेला नाही, एवढंच.

म्हणून आधी दोन दिवस नुसती नोंद करा. दिवसात किती वेळा हाक मारली आणि प्रत्येक हाकेनंतर कुत्र्याच्या वाट्याला काय आलं, फोनवर लिहून ठेवा. बहुतेक घरांत यादी वाचूनच दुखणं कळतं.

आता शब्दाबद्दल. ‘ये’ हा मराठी घरात कुत्र्यासाठी अगदी निकामी शब्द आहे. मुलांना ‘ये’, दारातल्या शेजाऱ्याला ‘ये ना’, फोनवर ‘येतेस का’, रागावलो की ‘ए!’. दिवसभर हा आवाज कुत्र्याच्या कानावरून जातो आणि त्यातल्या बहुतेक वेळा त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. शिवाय वडील ‘इकडे ये’ म्हणतात, मुलगी ‘कम’ म्हणते, आजी ‘यू यू यू’ करतात. नावाचंही तेच. नाव म्हणजे फक्त ‘इकडे बघ’. ते दिवसातून शंभरदा घेतलेलं असतं. खराब झालेला शब्द दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा घेणं सोपं पडतं. घरात एरवी कुणी वापरत नाही आणि मैदानावर ओरडायला लाज वाटत नाही, असा कुठलाही चालेल. ‘पटापट’ चांगला आहे, ट-प असल्यामुळे तुटक ऐकू येतो. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा, आणि घरातली शिकवणी पूर्ण होईपर्यंत बाहेर मुळीच वापरायचा नाही.

शिट्टीही उत्तम. तिला राग येत नाही, घसा बसत नाही. फक्त आपल्याकडे वॉचमन गाडी मागे घ्यायला लावताना आणि चौकातले पोलीस दिवसभर शिट्ट्याच वाजवतात, त्यामुळे नुसती लांब शिट्टी नको. तीन छोट्या फुंका, नेहमी त्याच लयीत. शिट्टी ठरावीक सुराची घेतली, उदाहरणार्थ ॲक्मी २११.५, तर हरवल्यावर दुसरी आणली तरी सूर तोच मिळतो.

खाऊवर कंजुषी करू नका. रोजचं किबल, म्हणजे पाकिटातलं कोरडं दाणेदार खाणं, घरात चालतं. बाहेर मांजर दिसत असताना त्याला शून्य किंमत असते. १०० ग्रॅम बोनलेस चिकन नुसत्या पाण्यात उकडा, गार करा, भिजलेल्या हरभऱ्याएवढे तुकडे करा. साठ-सत्तर तुकडे सहज निघतात आणि फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात. घरच्या रश्श्यातले तुकडे धुऊन देणं चालणार नाही, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे. मनुका, द्राक्षं, चॉकलेटही नाही. मांसाहार नसेल तर बिनमिठाचं पनीर. काहींना त्यानं पोट ढिलं होतं, म्हणून थोड्यापासून सुरुवात. कलेजीवर सगळेच फिदा असतात, पण तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, त्यामुळे ती रोज नको. आणि जेवढं शिकवताना पोटात जातं तेवढं रात्रीच्या ताटलीतून कमी करायचं.

पहिले चार-पाच दिवस काम घरातच. कुत्रा हातभर अंतरावर, काही खास करत नसताना शब्द एकदाच म्हणा आणि लगेच तुकडा द्या. त्यानं काहीही करायचं नाही. बस नाही, थांब नाही. असं एका बैठकीत दहा-बारा वेळा, दिवसातून दोन-तीन बैठका.

इथे एक बारीक चूक जवळजवळ सगळे करतात: शब्द तोंडातून निघायच्या आधीच हात खिशात गेलेला असतो. मग कुत्रा शब्द शिकत नाही, खिसा शिकतो. आधी शब्द, क्षणभर थांबा, मग हात. स्वतःचा मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा, आपला हात किती अधीर आहे ते कळेल. कुत्रा पाठमोरा असताना शब्द उच्चारला आणि त्याची मान झटक्यात वळली, की शब्द पेरला गेला. मग दुसऱ्या खोलीतून हाक, मग जिन्यावर, मग गच्चीवर.

याच दिवसांत गळपट्ट्याचं कामही उरका, कारण वर सांगितलेला दोन हातांवरचा नाच तिथूनच येतो. गळपट्ट्याला बोट लावा, तुकडा. पकडा, तुकडा. किंचित ओढा, तुकडा. पट्ट्याचा हूक कडीत अडकवा, तो ‘टक’ आवाज होऊ द्या, तुकडा, आणि लगेच हूक काढून टाका. बहुतेक कुत्र्यांना त्या ‘टक’चाच राग असतो. आठवडाभरात ‘टक’ ऐकून कुत्रा तुमच्या हाताकडे बघू लागला पाहिजे.

कुत्रा आल्यावर बक्षीस कसं द्यायचं यातही गंमत आहे. एकच मोठा तुकडा दिला तर तो गिळून क्षणात वळतो. त्यापेक्षा पाच-सहा छोटे तुकडे, एकामागून एक, आठ-दहा सेकंद. हात पुढे लांबवू नका. तुकडा आपल्या गुडघ्याला चिकटवून धरा, म्हणजे त्याला पार जवळ यावंच लागतं. उजव्या हातानं खाऊ, डावा हात सावकाश गळपट्ट्यात. मग सोडा आणि ‘जा’ म्हणा. हे ‘जा’ फार मोलाचं आहे. मोकळं हुंदडणं हे कुत्र्यासाठी चिकनइतकंच मोठं बक्षीस असतं, आणि ते तुमच्याच हातून मिळतं.

बाहेरच्या कामाला लांब दोर लागतो. दहा मीटर पुरे, लहान मैदानाला पाचही चालतो. पंधरा किलोच्या वरच्या कुत्र्याला ८ ते १० मिलिमीटर जाडीचा, छोट्याला ५-६ मिलिमीटरचा. हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर आणि फिरता हूक घेऊन घरी करता येतो. हूक मात्र पितळी किंवा स्टीलचा घ्या, चकचकीत स्वस्त हूक झटक्यानं तुटतात. सुती दोर हाताला छान, पण पावसात भिजला की जड होतो आणि दोन दिवस वाळत नाही. गुंडाळी होणारा, आपोआप आत जाणारा पट्टा या कामाला नको: त्याचा ताण सतत जाणवतो, आणि कुत्र्याला आपण बांधलेले आहोत हे क्षणभरही विसरता येत नाही.

दोर हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीत लावायचा, गळपट्ट्याला कधीच नाही. दहा मीटर धावत गेलेल्या कुत्र्याला टोकाला जो हिसका बसतो तो मानेवर झेपणारा नसतो. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, बोटं मोडतात. बाइकचे हातमोजे घाला. दर दोन मीटरवर एक गाठ मारली तर पायाखाली दोर अडतो, निसटत नाही. झुडपांत जाणार असाल तर गाठीही नकोत आणि टोकाचा फासही नको, दोन्ही अडकतात.

आता हाक मारली आणि आला नाही तर? शब्द पुन्हा म्हणू नका. ‘पटापट, पटापट, अरे पटापट’ असं चालू झालं की चौथ्या हाकेपर्यंत थांबायचं, हे तो शिकतो. दोर खेचून फरफटतही आणू नका. दोर हातात गोळा करत त्याच्याकडे चालत जा, नाकापाशी तुकडा दाखवा, त्यानं बघितलं की चार पावलं मागे या आणि तिथे एक तुकडा द्या. मग समजा, की आज पायरी अवघड निवडली. अंतर निम्मं करा किंवा जागा बदला. दोन्ही अडचणी एकदम वाढवायच्या नाहीत: समोर दुसरा कुत्रा असेल तर हाक तीन मीटरवरून, रिकामं मैदान असेल तर दहावरून. दहापैकी नऊ वेळा, सलग तीन दिवस, पहिल्या हाकेला आला तरच पुढे सरका. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी सातच्या आत. हाताचा पालथा पंजा डांबरावर सात सेकंद टेकवत नसेल तर कुत्र्याचे तळवेही भाजणार.

रोजच्या दहा हाकांपैकी आठ वेळा खाऊ देऊन ‘जा’ म्हणायचं. एखाद-दोन वेळा पट्टा लावायचा, वीस पावलं चालायचं आणि पुन्हा सोडायचं. खरंच घरी निघायची वेळ झाली की शक्यतो हाक मारूच नका. चालत जवळ जा, गवतात मूठभर किबल पसरा, तो हुंगत असताना हूक लावा. अंघोळ आणि औषधासाठीही तेच. हाक स्वच्छ राहिली पाहिजे.

हाकेची वेळ साधणं हे अनुभवाचं काम. कुत्रा धावायच्या आधी थिजतो: कान पुढे, शेपटी ताठ, तोंड मिटलेलं, एखादा पाय उचललेला. हा क्षण जेमतेम अर्धा सेकंद टिकतो आणि हाक तिथेच लागते. एकदा पाय सुटले की ती वाया. कारवान आणि पश्मी हे तर डोळ्यांनी शिकार करणारे, पळण्यासाठीच जोपासलेले कुत्रे. ससा किंवा मांजर हललेलं दिसलं की शंभर मीटर कधी कापले ते तुम्हाला कळतही नाही. बीगलचं नाक जमिनीला लागलं की कान बंद. अशा कुत्र्यांना कुंपण नसलेल्या जागी दोरावरच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा मीटरच्या दोरावर कुत्रा भरपूर हुंगतो, भरपूर जगतो. पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी मोर असतात, गवतात साप असतात. तिथे देशी काय नि विदेशी काय, मोकळं सोडण्याचा हट्ट कशाला?

सहा महिने ते दीड वर्ष या वयात शिकलेलं सगळं विसरल्यासारखं होतं. दोर पुन्हा लावायला घ्या, बक्षीस वाढवा, दोन-तीन महिने जातात. नसबंदी न केलेल्या नराचं भाद्रपदात काय होतं हे आपल्या भाषेलाच ठाऊक आहे. माजावर आलेल्या कुत्रीच्या वासापुढे चिकन हरतं. त्या आठवड्यांत मोकळं सोडायचंच नाही.

शॉकचा पट्टा सुचवणारे भेटतील. धोका असा, की झटका बसतो तेव्हा कुत्रा ज्याच्याकडे बघत असतो त्याच्याशी वेदना जोडतो. ते सायकलवरचं मूल असेल तर पुढच्या वेळी भुंकून अंगावर जाणारा कुत्रा तुम्हीच तयार केलात.

आणि आत्ता, या क्षणी तो सुटून पळाला असेल तर मागे धावू नका. त्याचे चार पाय आहेत. त्याचं लक्ष गेलं की उलट्या दिशेला पळा, हसत, टाळ्या वाजवत. किंवा बाजूला तोंड करून खाली बसा आणि जमिनीत काहीतरी सापडल्यासारखं उकरा. गाडीत बसायला आवडणाऱ्या कुत्र्यासाठी गाडीचं दार उघडून ‘चल’ म्हणणं अनेकदा लागू पडतं. हाती लागला की तोंड गोड ठेवा, आतून कितीही संताप असला तरी.

फटाक्यांना घाबरून पळालेल्याचं प्रकरण वेगळं. तो खाऊ घेत नाही, हाक ओळखत नाही, कधी कधी मालकालाही ओळखत नाही. चार जणांनी चार बाजूंनी हाका मारल्या तर तो आणखी लांब जातो. एकट्यानं जा, खाली बसा, त्याच्याकडे न बघता थांबा. दिसेनासा झाला असेल तर तो निसटला त्या जागी तुमचा वापरलेला टी-शर्ट आणि पाणी ठेवा, रात्री उशिरा आणि पहाटे शांत असताना तिथे पुन्हा जाऊन बघा. दिवाळीच्या आठवड्यात फेरी अंधार पडायच्या आत उरकायची, हार्नेसला एक आणि गळपट्ट्याला एक असे दोन पट्टे लावायचे, आणि बिल्ल्यावर कोरलेला फोन नंबर अजून चालू आहे ना, ते वसुबारसेच्या आधी बघून घ्यायचं.