वाचायचा, वाचायची, वाचायचं

रात्री साडेनऊला आमच्या फोंड्याच्या घरात जेवणं आटपून आजी टीव्हीसमोर बसते आणि मी मागच्या खोलीत दार लावून लॅटिन शिकते. युरोपातल्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स आहे, तिकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. पहिलं वर्ष गेल्या साली झालं, आता इंटरमिजिएट चालूय. आजीने सुरुवातीला विचारलं होतं, "पाद्र्यांची भास ती, तुका कित्याक गो बाये?" आणि मी जे उत्तर दिलं ते तिला पटलं नाही, खरं तर मलाही अर्धंच पटलं होतं.

उत्तर असं की मी बॉटनीवाली. आमच्याकडे झाडांची नावं लॅटिन, आणि नवी जात सापडली तर तिचं वर्णन लॅटिनमध्येच करायचं असा नियम कितीतरी वर्षं होता. पण १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीतलं वर्णनही चालतं, म्हणजे मी शिकायला बसले तेव्हा ती गरज संपून गेलेली! खरं कारण वेगळंच होतं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये इथे गोव्यात छापलं गेलं, पोर्तुगीजमध्ये. पण युरोपभर ते पोचलं लॅटिनमधून, क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पला त्याचं लॅटिन रूप छापलं, मूळ पुस्तकातला संवाद काढून टाकून, कापून-छाटून. आपल्याकडच्या झाडांबद्दल आपल्याच गोव्यात लिहिलेलं, ते जगाने ज्या भाषेत वाचलं त्याच भाषेत मला वाचायचं होतं. हट्टच म्हणा.

तर इंटरमिजिएट. पहिल्या वर्षी सगळं कसं गोड असतं, शेतकरी मुलीला गुलाब देतो, मुलगी खलाशाला बघते, सगळी वाक्यं पाच शब्दांची. दुसऱ्या वर्षी एकदम सीझर समोर आणून ठेवतात, आणि त्याचं एक वाक्य सात-आठ ओळी चालतं, क्रियापद पार शेवटी, मधे तीन उपवाक्यं एकमेकांच्या पोटात. (जुन्या उच्चाराप्रमाणे तो सीझर नाही, काएसार, आणि रोमन वक्ता सिसेरो हा किकेरो. चर्चवाले त्यालाच चिचेरो म्हणतात. पहिल्या दिवशी किकेरो ऐकून मी माइक बंद आहे ना ते आधी बघितलं आणि मग हसले.)

पहिल्या दोन महिन्यांत माझे मार्क असे गेले की सांगायची सोय नाही. चूक काय करत होते ते आता कळतंय. लॅटिन वाक्य घ्यायचं, त्याचं मनात इंग्रजी करायचं, मग त्या इंग्रजीचा अर्थ लावायचा. क्लास इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, त्यामुळे दुसरं काही सुचलंच नाही. म्हणजे फोंड्याहून मडगावला जायचं तर आधी म्हापसा गाठायचं, तसलं.

मग एका रात्री गेरुंडिव्ह शिकवत होते, म्हणजे अमुक गोष्ट करायची आहे हे सांगणारं क्रियापदाचं विशेषणरूप. "हे पुस्तक माझ्याकडून वाचलं जाण्याजोगं आहे" अशा छापाची इंग्रजी वाक्यं करून सर जवळजवळ तासभर समजावत होते, बाकीची पोरं डोकं धरून बसलेली. वाक्य होतं 'मिही एपिस्तुला लेगेन्दा एस्त'. मिही म्हणजे मला, एपिस्तुला चिठ्ठी, एस्त आहे. मी वहीत सहज मराठीत लिहिलं, मला चिठ्ठी वाचायची आहे. आणि बघतच बसले. एपिस्तुला स्त्रीलिंगी म्हणून लेगेन्दा, चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून वाचायची. पुल्लिंगी असेल तर लेगेन्दुस, वाचायचा. नपुंसकलिंगी तर लेगेन्दुम, वाचायचं. माणूस चतुर्थीत, 'मला', आणि क्रियापदाचं रूप वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं, दोन्हीकडे तेच. आपल्या 'वाचायचंय' मध्ये नुसता बेतही असतो आणि लॅटिनमध्ये 'वाचायलाच हवं' असा जोर असतो, तेवढा फरक सोडला तर तासभराचं लेक्चर एका ओळीत संपलं. चॅटमध्ये लिहावंसं वाटलं, पण वर्गात मराठी कोणाला येणार.

त्या दिवसापासून वहीतून इंग्रजी बंद. आणि मग एकेक गोष्टी उघडायला लागल्या. सीझर पानोपानी 'हिस रेबुस कोग्नितिस' म्हणतो, इंग्रजीत 'या गोष्टी जाणल्या गेलेल्या असताना' असं काहीतरी होतं, मराठीत सरळ 'हे कळल्यावर'. शाळेत संस्कृतला सति सप्तमी ('अमुक झालं असता' हे सप्तमीत सांगायची रचना) घोकली होती ती इथे पंचमीचे कपडे घालून आली. 'क्वी' ने सुरू झालेलं वाक्य पुढे 'इस' वर येऊन टेकतं, ते तर आपलं जो-तो. 'आणि' साठी शब्दाच्या शेवटी चिकटणारा 'क्वे' हा संस्कृतातल्या 'च' चाच नातेवाईक, रामः लक्ष्मणश्च मधला.

एका ठिकाणी मात्र मराठीने हात टेकले असं वाटलं. कोणी काही म्हणालं की लॅटिनमध्ये 'की' वगैरे नसतं, सांगितलेल्या वाक्यातला कर्ता द्वितीयेत जातो आणि क्रियापद धातुरूपात. आपण कसं बोलतो, तो म्हणाला मी येतो. संपलं. यात कुठली द्वितीया? तीन दिवस अडकले. चौथ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीप्रमाणे पेपर मोठ्याने वाचत होते (चहा होईपर्यंत पहिलं पान सगळ्या घराला ऐकावं लागतं), आणि वाचलं, "आपण निर्दोष असल्याचे मंत्र्यांनी सांगितले." मी म्हटलं बाबा, परत वाचा. त्यांना वाटलं मला राजकारणात रस आला. 'आपण' म्हणजे लॅटिनचं 'से', स्वतः मंत्रीच, दुसरा कोणी नाही. 'असल्याचे' म्हणजे काळाचं पूर्ण क्रियापद नाही, नामासारखं वापरलेलं रूप. द्वितीया नसेना, सांगाडा तोच. घरात कोणी असं बोलत नाही, पण पेपरवाले रोज बोलतात, आणि सीझरही लढायांचे रिपोर्टच लिहीत होता ना शेवटी.

तरी मार्कांचं सांगते, लगेच वाढले नाहीत. आता अर्थ बरोबर लागायचा पण उत्तर इंग्रजीत लिहायचं, आणि माझं इंग्रजी मराठी वळणाचं. एका असाइनमेंटला शेरा आला की भाव बरोबर आहे, भाषांतर ढिलं आहे. दोन दिवस राग होता. मग गेला, कारण ढिलं होतंच.

मधल्या रविवारी ओल्ड गोव्याला गेले, म्हटलं खरं लॅटिन दगडावर वाचून बघू. फजिती म्हणजे सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांवर वाकून वाकून बघितलं तर पोर्तुगीज. बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीवर आयएचएस आहे, ते लॅटिन शब्दांचं लघुरूप म्हणून बरेच जण सांगतात, पण ती मुळात येशूच्या ग्रीक नावाची अक्षरं. शेवटी सेंट कायेतानच्या चर्चवर सापडलं, 'दोमुस मेआ दोमुस ओरातिओनिस'. माझं घर, प्रार्थनेचं घर. तिथे उन्हात उभी राहून मी खूश झाले ते 'मेआ' वर. दोमुसचा शेवट पुल्लिंगीसारखा दिसतो, पहिल्या वर्षी मी दरवेळी 'मेउस' लिहून मार्क घालवले होते, पण घर हा शब्द लॅटिनात स्त्रीलिंगी. आणि 'आहे' कुठेच नाही, आपणही नाही घालत.

घरी येऊन शेजारच्या मावशीला सांगितलं. ती ऐंशीच्या पुढची, तिच्या लहानपणी मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) लॅटिनमध्ये असायची, साठच्या दशकातल्या व्हॅटिकनच्या सुधारणांनंतर ती कोंकणीत आली. तिने 'पातेर नोस्तेर', म्हणजे 'आमच्या बापा' ही प्रार्थना, अख्खं म्हणून दाखवलं, एकदाही न अडखळता. अर्थ विचारला तर म्हणाली, कोंकणीतला येतो, यातल्या कुठल्या शब्दाचा कुठला ते नाही माहीत. आमची आजी विष्णुसहस्रनाम म्हणते तेव्हा तिचंही हेच. मी दोघींना एकत्र बसवून शब्दांचे अर्थ सांगायला लागले तर पाच मिनिटांत दोघी माशांच्या भावावर गेल्या.

गेल्या आठवड्यात धीर करून क्लुसियसचं पुस्तक उघडलं, स्कॅन केलेलं. नुसतं नाव बघा, 'आरोमातुम एत सिम्प्लिकिउम आलिक्वोत मेदिकामेन्तोरुम आपुद इंदोस नास्केन्तिउम हिस्तोरिआ'. इंग्रजीत सांगायचं तर शेवटचा शब्द आधी उचलून पुढे आणावा लागतो. मी होतं तिथेच ठेवलं, सुगंधी द्रव्यांचा आणि हिंदी लोकांकडे उगवणाऱ्या काही साध्या औषधांचा इतिहास. इतिहास शेवटी, जिथे त्याने ठेवलाय तिथेच. 'आपुद इंदोस नास्केन्तिउम', हिंदी लोकांकडे उगवणाऱ्या, एवढा तुकडा मात्र औषधांच्या अलीकडे सरकला. मग त्यातलं आंब्याबद्दलचं पान शोधलं. जुन्या छपाईतला एस हा एफसारखा दिसतो, त्यात अक्षरं गाळून वर रेघ मारायची पद्धत, पहिल्या चार ओळींना दोन तास गेले आणि पाचव्या ओळीत एक 'से' आलाय, तो नक्की कोणाचा ते अजून ठरत नाहीये. बाबांना उद्या पेपर जरा हळू वाचायला सांगितलंय.