तिम्माच्या हातात भाला इतक्या उशिरा का?

‘ताई, लढाई कधी?’ हे मला वाचनालयात विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, आणि एकदा सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरूनही. तक्रार रास्त आहे. माझ्या कादंबरीत अंजनकोट नावाचं काल्पनिक राज्य आहे, तिथे तिम्मा नावाचा कोवळा सैनिक आहे, मुखपृष्ठावर तो भाला घेऊन ऐटीत उभा आहे. आत मात्र पुस्तकाचा तिसरा हिस्सा उलटला तरी पोरगा मागासाठी सुताच्या कांड्याच भरतोय. भावाचा मित्र तर तोंडावर म्हणाला, “हे काय बे, पैसे भाल्याचे घेतले आणि दिला माग!” तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

अद्भुत कथांमधल्या सैनिकाचं लहानपण फार लवकर उरकतात. गाव जळतं, आईबाप जातात, पोर राखेतून तलवार उचलतं आणि पुढच्या प्रकरणात सतरा वर्षांचं होतं. लेखकाला हे सोयीचं आहे, कारण अनाथ पोराला कुठे जायचं तर कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्याला घरी पैसेही पाठवायचे नसतात. मला तो पोरगा कधी खराच वाटला नाही. पलटणीत जाणाऱ्या बहुतेकांच्या मागे घर असतं, आणि घराला रोज खायला लागतं. तिम्माचे आईबाप दोघंही धडधाकट आहेत. त्याची अडचण तिथूनच सुरू होते.

आमचं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. भिंतीपलीकडे माग चालायचे, त्या आवाजातच आम्ही झोपायचो आणि पाढे पाठ करायचो. मोठ्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा: उचल. मुलीचं लग्न, दवाखाना, घराची गळती, काहीही निघालं की मागावरचा माणूस मालकाकडून उचल घ्यायचा. मग ती मजुरीतून आठवड्याला थोडी थोडी वळती व्हायची. फिटत आली की घरात दुसरं काहीतरी निघायचंच. उचल अंगावर असताना दुसरीकडे कामाला जायची सोय नाही. नव्या मालकाने जुन्याची बाकी चुकवली तर गोष्ट वेगळी, पण मग ती बाकी त्याच्या वहीत चढते.

अंजनकोटचा राजाही हेच करतो. पाऊसकाळ संपला की त्याचा बक्षी, म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अधिकारी, विणकरांच्या गल्लीत येतो. तिम्माच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलेलं आहे आणि घरात दमडी नाही. बक्षी चांदीची नाणी मोजून देतो आणि वहीत अकरा वर्षांच्या पोराचा अंगठा उठवून घेतो. सोळाव्या वर्षी हजर व्हायचं. तोपर्यंत पोरगं घरीच राहील, पण सरकारचं म्हणून. हजर झाल्यावर घोंगडी, जोडे, भाला, रोजची भाकरी, सगळं त्याच्याच नावावर पडतं. पाच वर्षं हे पोर आपण कुणाचं, हे मनात धरून वाढतं. आई त्याला ताटात थोडं जास्त वाढते आणि बाप त्याच्यावर हात उगारायचा थांबतो. मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं ते याबद्दल, आणि शंभर पानांच्या आत ते मावत नव्हतं.

हे तुम्ही कडवटपणाने रंगवलंय, असं एका वाचकाचं म्हणणं. नाही हो. इसवी सन 14 मध्ये पॅनोनिया प्रांतातल्या रोमन पलटणींनी बंड केलं, त्या शिपायांची तक्रार टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. जिवाची किंमत दिवसाला दहा अस (हे रोमन नाणं), आणि कपडे, हत्यारं, तंबू यांचा खर्चही त्यातूनच. आपल्याकडे शिवकाळातल्या घोडदळातही शिलेदार आणि बारगीर असा फरक होताच. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी, आणि मान नि मोल त्यावर ठरायचं. म्हणून कुठल्याही सैनिकाबद्दल मी आधी विचारते की हत्यार कुणाच्या मालकीचं. तिम्माचा भाला सरकारी आहे, हरवला की बाकी वाढते. पहिल्या चकमकीत तो भाला फेकत नाही, घट्ट धरून बसतो. पुष्कळांना तो भेकड वाटला. वही आठवा ना त्याची!

आता शरीराचं. सोळा वर्षांच्या पोराला पलटण काय काय शिकवणार? बरंचसं आधीच होऊन गेलेलं असतं. कांड्या भरणाऱ्या पोराची नजर धाग्यावर खिळलेली असते, धागा तुटला की हात आपोआप गाठ मारतो. मागाच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून माणसं हातवारे करतात, ओठ वाचतात. लढाईच्या गदारोळात सरदाराचा आवाज कुणालाच ऐकू जात नाही, तेव्हा पलीकडच्या टोकाचा इशारा एकट्या तिम्माला कळतो. मुद्दाम दिलेली शक्ती नाही ती, मंत्र नाही, अंगठी नाही. कारखान्यात वाढलेल्या कुणालाही जमेल.

आणि काठ्या! गड्ड्याची यात्रा पाहिलेल्याला अंजनकोटचे निशाणवाले कुठून आले हे सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, आम्ही त्यांना काठ्याच म्हणतो. एकेक तीसेक फूट उंच. पांढरी बाराबंदी घातलेला भक्त तो कमरेच्या पट्ट्यात पेलून चालतो, बाजूला सांभाळणारे असतात, आणि शहराभोवतीच्या 68 लिंगांची प्रदक्षिणा होते. यात्रेच्या बऱ्याच आधीपासून संध्याकाळी सराव सुरू होतो. काठी हाताच्या जोरावर पेलत नाही. वारा कुठून येतोय ते कमरेला कळावं लागतं, आणि पाऊल त्याच्या आधी पडावं लागतं. व्हेजिशियस हा जुना रोमन लेखक सांगतो की नव्या रंगरुटांना दुप्पट वजनाच्या ढाली आणि लाकडी तलवारी देऊन घुमवत. ते वाचलं तेव्हा मला आमचे काठीवालेच आठवले. अंजनकोटमध्ये निशाण पेलणाऱ्याला सगळे मानतात, पण त्याच्या दोन्ही हातांत निशाण असतं, हत्यार धरायला हात उरत नाही. तिम्माचा मामा तसा निशाणवाला. तो का मेला ते पुस्तकात वाचा, एवढं तरी राखून ठेवू द्या.

दुसरा एक आक्षेप माझ्या राजकारणावर आहे. तिम्मा जन्मतो तेव्हा किल्ल्यावर एक निशाण असतं, चालायला लागतो तेव्हा दुसरं, आणि मधे युद्धच होत नाही. असं कुठे असतं का? असतं, आपल्या इथेच. सोलापूरचा भुईकोट किल्ला सोळाव्या शतकात लग्नांत आंदण म्हणून फिरला. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली तेव्हा हा किल्ला आंदणात कबूल केला, पण हातातून काही सोडला नाही, आणि त्यावरून पुढे दोन्हीकडची माणसं मेली. मग त्याच शतकात वरात उलटी आली. निजामशाहीची चांदबिबी अली आदिलशहाच्या घरात गेली, आंदणात पुन्हा सोलापूर. 1565 मध्ये हीच दोन घराणी विजयनगरविरुद्ध एका बाजूने लढली. तटावरच्या शिपायाला यातलं कुणी काही विचारलं असेल का? सकाळी उठून आज मुजरा कुणाला करायचा एवढंच त्याला सांगितलं असेल. माझ्या बक्षीची वही मात्र नव्या राजाकडे जशीच्या तशी जाते. निशाण बदललं म्हणून बाकी माफ होत नाही.

भाषेचं थोडक्यात. तिम्माच्या पलटणीत चार भाषा बोलतात आणि शिव्या पाचवीत देतात. हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागलेलं नाही.

सैनिक व्हायच्या आधी तिम्माने सैनिक पाहिलेला असतो, आपल्याच दाराबाहेर उभा. ते प्रकरण लिहायला मला सगळ्यात जड गेलं. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर हे शहर उसळलं, गोळीबार झाला, आणि 12 मे ते 30 जून इथे लष्करी कायदा होता. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांपाशी आम्ही शाळेतून दरवर्षी जायचो. मला त्या चौघांइतकाच प्रश्न त्या दिवसांतल्या लहान पोरांचा पडायचा. दारात बंदुकवाला उभा असताना ती खेळायची काय? तिम्मा आणि त्याचे मित्र शिपाई-शिपाई खेळतात. शिपाई व्हायला सगळे तयार असतात, विणकर व्हायला कुणीच नाही, म्हणून धाकट्या पोरांना बळजबरीने विणकर करतात. त्या खेळात तिम्मा नेहमी शिपाई झालेला असतो. आणि पुढे खरोखरच जेव्हा त्याची तुकडी दुसऱ्या गावातल्या एका विणकर गल्लीत पहाऱ्याला जाते, तेव्हा दारांआडून त्याच्याकडे कोण बघतंय, काय खेळतंय, हे त्याला न बघताच कळतं. ही दोन पानं वाचकाच्या अंगावर यायची असतील तर आधीची शंभर लागतात. मी ती छाटणार नाही.

मुली वेगळंच विचारतात. तिच्या लग्नासाठी उचल घेतली, त्या बहिणीचं पुढे काय? तिचं नाव पोचव्वा. नवऱ्याचा माग आहे, तिला हिशेब येतो, आणि भावाच्या अंगठ्याखाली किती नाणी लिहिली होती हे घरात फक्त तिलाच वाचता आलेलं आहे. बापाच्या हातात पडली त्यापेक्षा वहीतली रक्कम जास्त होती. दुसऱ्या भागात ती बक्षीच्या कचेरीत जाते. त्या भागाच्या मुखपृष्ठावर भाला नसेल, हे प्रकाशकांना आत्ताच कळवून ठेवलंय.