शिरोलीच्या फौंड्रीत जपानी

कोल्हापुरात जपानी शिकवते म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, एन-फोर किती महिन्यांत होतंय?" एन-फोर म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पायरी. भाषा कशी आहे, हे कुणी विचारत नाही. २०१९ च्या एप्रिलपासून जपाननं कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, २०२१ मध्ये भारताशी तसा करार केला, आणि त्या व्हिसाला एन-फोर किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा लागते. राजारामपुरीतल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गातली बरीच पोरं त्यासाठीच येतात. घरची ओढाताण बघितली की त्यांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

पण या परीक्षेवर माझा राग आहे. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं पर्याय निवडून. बोलण्याचा पेपरच नाही. पुण्याला जाऊन पास होऊन आलेलं पोरगं समोर जपानी माणूस आला की मुकं होतं. म्हणून सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी जपानी विद्यार्थ्यांचा गट आठवडाभर इथं येणार असं कळल्यावर मी हट्टच धरला, दुभाष्याचं काम माझीच पोरं करतील. आयोजकांना इंग्रजीवाला हवा होता. मी ऐकलं नाही.

अंबाबाईचं दर्शन, पन्हाळा, खासबाग, एका घरी तांबडा-पांढरा, हे सगळं छान पार पडलं. मला लिहायचंय ते शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीबद्दल.

तिथं मॅनेजर साहेबांनी अर्धा तास इंग्रजीत स्लाईड दाखवल्या. जपानी मुलं अदबीनं माना हलवत होती. त्यांच्या पदरात काहीही पडत नव्हतं, हे मला दिसत होतं. पाहुण्यांसमोर इंग्रजी बोललं की काम झालं, हा आपल्याकडचा समज फार जुना आहे.

मग आम्ही मोल्डिंगकडं गेलो, म्हणजे लोखंड ओतायचे वाळूचे साचे बनवतात तिथं. त्या दिवशी दुभाषी होती ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी विद्यार्थिनी. तिचे वडील त्याच खात्यात मोल्डर. इतकी वर्षं त्यांच्या पगारावर घर चाललं, पण ती आत पहिल्यांदाच येत होती. पाहुण्यांतला एक मुलगा सैतामा प्रांतातला. त्याच्या भागातलं कावागुची हे ओतकामाचं जुनं गाव. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकची ज्योत ज्या पात्रात तेवली, ते तिथंच ओतलेलं. त्यानं वाळूच्या ढिगाकडं बोट दाखवून थेट वडिलांनाच विचारलं, पाणी पुरेसं झालंय हे तुम्हाला कसं कळतं?

वडिलांनी वाळू मुठीत घेतली, आवळली, मूठ उघडली. तळहातावर बोटांचे ठसे उमटलेला गोळा. तो त्यांनी दोन्ही हातांनी मधोमध मोडला आणि मोडलेली बाजू पोराच्या डोळ्यांसमोर धरली. "कडा ढासळल्या तर पाणी कमी. हाताला चिकटली तर जास्त. ही बघ, कड कशी लख्ख उभी हाय. जास्त पाणी राहिलं की वाफ धरती, मग कास्टिंगात भोकं पडत्यात, माल रिजेक्ट."

एन-फोरच्या अभ्यासात यातलं काही नसतं. मी मागं उभी होते आणि मुद्दाम गप्प राहिले. ती क्षणभर थांबली, मग सोप्या सोप्या वाक्यांत सुरू झाली. पाणी थोडं असलं की तुटतं. पाणी खूप असलं की, गरम लोखंड येतं तेव्हा, पाणी वाफ होतं. वाफेला जायला वाट नसते. १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड ओलसर वाळूत उतरतं तेव्हा नेमकं हेच होतं. एक अक्षर चुकीचं नव्हतं. मी जपानी मराठीतूनच शिकवते, ते याचसाठी. दोन्हींत क्रियापद शेवटी, 'कोल्हापूर कारा पुणे मादे' म्हणजे कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत, प्रत्यय जागच्या जागी. मधे इंग्रजी आणलं की वाक्य उलटं करून पुन्हा सुलटं करावं लागतं, आणि एवढ्यात समोरच्याचा प्रश्न विरून जातो.

त्या मुलानं स्वतः मूठभर वाळू घेतली. त्याचा गोळा ढासळला. वडिलांनी त्याच्या मुठीवर आपला हात ठेवून दाब दाखवला. मग प्रश्नांवर प्रश्न. वाळूत माती कोणती, एकच वाळू किती वेळा वापरता, साचा किती वेळ थांबतो. ती वडिलांना विचारत होती, ऐकत होती, सांगत होती. मधेच त्यांच्याकडं वळून म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही." ते म्हणाले, "तू इचारलंस कधी?"

एका एजन्सीकडून जपानमधल्या वृद्धसेवेच्या कामाचा फॉर्म तिला आधीच आला होता. पाच वर्षांपर्यंतचा व्हिसा, त्यात घरच्यांना नेता येत नाही, पण पगार इथल्या मानानं कितीतरी मोठा. पुढच्या आठवड्यात ती वर्गानंतर थांबली आणि म्हणाली, फॉर्म भरणार नाही. धातुशास्त्राकडं जायचंय, जपानी एन-टू या वरच्या पायरीपर्यंत न्यायचंय, आणि जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर तिथं ओतकामावर संशोधन करायचंय.

वडील मला भेटायला आले. त्यांना हे पटलेलं नाही. "मॅडम, फौंड्रीत माझे फुफ्फुस गेले. पोरीनं पुन्हा त्याच धुरळ्यात कशाला यायचं? म्हाताऱ्यांची सेवा करील, चार पैसे मिळवील." त्यांच्यापुढं माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीचं ते बोलत होते ते खरं आहे. शिष्यवृत्ती मिळेलच असं नाही, तेही मी त्यांना सांगितलं. पण माझं मत मी लपवलं नाही. एजन्सीनं तिच्यापुढं जपान ठेवला तो रिकाम्या जागा भरण्यापुरता. त्या मुठीपाशी तिला पहिल्यांदा स्वतःला काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं, आणि ती ओढ मी पोरांमध्ये फार क्वचित बघते.

वडील म्हणाले, विचार करतो. फॉर्मची मुदत या महिनाअखेरीस आहे. ती मात्र रोज रात्री ओतकामाच्या शब्दांची यादी पाठवते, आणि त्यातल्या काही शब्दांसाठी मला त्या सैतामाच्या मुलालाच मेल करावा लागतो.