सॉकेट जुळलं, तरी पडदा काळाच

इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली तेव्हा बाबा तिथे फिटर होते. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा मार्ग मोकळा व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. ते हातात आले तसे त्यातले ७०,००० त्यांनी माझ्यापुढे ठेवले. "मशीन बदल तुझी. रोज शिव्या घालतेस तिला."

मी घरी बसून कॉम्प्युटरवर लग्नांचे अल्बम आणि व्हिडिओ करते. पैसे असे आलेले, त्यामुळे एकही भाग वाया जाऊ द्यायचा नाही, असं ठरवूनच सिल्व्हर मॉलची पायरी चढले. इंदूरमध्ये कॉम्प्युटरचं काहीही घ्यायचं तर माणूस आधी तिथेच जातो.

प्रोसेसर ठरलेला होता, रायझन ५ ५६००. त्यात पडद्यावर चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा भाग नाही, म्हणून वेगळं कार्ड आलं, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०. प्रोसेसर ज्यात बसतो ते सॉकेट एएम४, म्हणजे रॅम, मेमरीची पट्टी, डीडीआर४ प्रकारचीच. एका दुकानदाराने डीडीआर५ची जोडी पुढे केली, "दीदी, ये लेटेस्ट है, सब में चलेगा." दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, पट्टी बसतच नाही. "सब चलेगा" हे त्या दिवशी मी निदान सहा वेळा ऐकलं. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, फुकट देणाऱ्यालाही हात जोडले. कार्ड एकटं १७० वॅट ओढतं, प्रोसेसर ६५ चा. कार्डवाले ५५० वॅटचा सांगतात. मी नावाजलेला ६५० चा घेतला.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरवर मात्र बाबांनी मला वाचवलं. मला उंच टॉवर कूलर हवा होता, १५९ मिलिमीटरचा. बाबा मिलच्या दिवसांतली स्टीलची पट्टी खिशात घालूनच आले होते. काउंटरवर कॅबिनेट उघडायला लावून त्यांनी माप घेतलं: जेमतेम १५५. दुकानातली पोरं हसली. मी प्रोसेसरच्या खोक्यात येतो तोच छोटा कूलर वापरायचं ठरवलं.

सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड घेतला बी४५० चिपसेटचा, स्वस्तात मिळाला म्हणून. सॉकेट तेच, रॅम तीच, मी निश्चिंत.

रविवारी जोडणी. त्या छोट्या कूलरसाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे कान आधी काढावे लागतात. ते काढले की मागची पत्र्याची प्लेट निसटून खाली पडते, हे कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी ती बोटाने धरून ठेवली, मी चार स्क्रू तिरके-तिरके थोडे थोडे आवळले. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा.

पडद्याची केबल बोर्डाला नाही, कार्डालाच होती. रॅम काढून घातली, एकच पट्टी लावून पाहिली. रात्रीचे अकरा. पैसे बुडाले असं वाटून घशाशी आलं, आणि बाबा समोर बसलेले, त्यामुळे रडताही येईना.

मग बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी उघडली. ही यादी मी खरेदीआधी उघडायला हवी होती. त्यात ५६०० होता, पण शेजारच्या रकान्यात बायॉसची, म्हणजे बोर्डातच भरलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामची, एक आवृत्ती लिहिलेली. आमच्या बोर्डावरच्या चिठ्ठीवर त्याहून बरीच जुनी. बी४५० बाजारात आला २०१८ मध्ये आणि हा प्रोसेसर २०२२ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाला त्याची ओळखच नव्हती. काही बोर्डांवर पेन ड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवाय बायॉस बदलायचं बटण असतं. आमच्यावर नव्हतं. ते असलेला बोर्ड थोडा महाग होता, म्हणून मीच सोडला होता.

सोमवारी बोर्ड घेऊन पुन्हा मॉल. विकणारा म्हणाला, बोर्ड चांगला आहे, परत घेणार नाही. वरच्या मजल्यावर एक दुरुस्तीवाले काका बसतात. त्यांनी ड्रॉवरमधून, जुनं बायॉसही ओळखेल असा, पहिल्या पिढीचा रायझन काढला, बसवला, पेन ड्राइव्हवरून नवं बायॉस चढवलं, माझा प्रोसेसर परत लावला. त्यांचा चहा संपायच्या आत झालं. घेतले ३०० रुपये.

घरी पडदा उजळला. तरी एक राहिलंच होतं: आठ वर्षांच्या लग्नांची जुनी हार्ड डिस्क दिसेना. मी दोन एम.२ एसएसडी, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या नव्या डिस्क, लावल्या होत्या. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत सापडलं, दुसरी एम.२ खाच भरली की साटाचे, म्हणजे जुन्या डिस्कची केबल लागते ते, पाचवा आणि सहावा पोर्ट बंद होतात. डिस्क नेमकी पाचव्यात. केबल पहिल्यात घातली.

बाबांनी मॅन्युअलमधल्या त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि पट्टी पुन्हा खिशात घातली.