हप्ता उतरला, मुद्दल तेवढंच: आयर्लंडचा बँक-करार आणि विरोधकांची पत

मुंबईत घरकर्ज फेडणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वीस वर्षांची मुदत तीसवर नेली की हप्ता उतरतो, मुद्दल रुपयानेही कमी होत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये आयर्लंडने हेच केलं, २५ अब्ज युरोंच्या कर्जावर.

अँग्लो आयरिश बँक जानेवारी २००९ मध्ये सरकारच्या ताब्यात आली. तिचं भगदाड बुजवायला फियाना फॉलच्या नेतृत्वाखालच्या सरकारने २०१० मध्ये रोख पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या लिहून दिल्या. इतर दोन लहान संस्थांच्या धरून त्या सुमारे ३१ अब्ज युरोंच्या होत्या. (आपल्या सरकारी बँकांना २०१७-१८ पासून भांडवल भरून काढायला मिळालेले रीकॅप बाँड याच जातीचे.) त्या तारण ठेवून बँक मध्यवर्ती बँकेकडून आणीबाणीची उचल घ्यायची आणि दर ३१ मार्चला सरकारने ३.१ अब्ज युरो भरायचे.

६ फेब्रुवारीच्या रात्री संसदेत घाईने विधेयक आलं, बँक अवसायनात गेली आणि उरलेल्या चिठ्ठ्यांच्या जागी आठ सरकारी रोखे आले: २५, २८ आणि ३० वर्षांचे प्रत्येकी २ अब्जांचे, ३२, ३४ आणि ३६ वर्षांचे प्रत्येकी ३ अब्जांचे, ३८ आणि ४० वर्षांचे प्रत्येकी ५ अब्जांचे. मुद्दलाची पहिली फेड २०३८ मध्ये. सुरुवातीचा दर ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाचं व्याज साधारण पाऊण अब्ज. शिवाय रोखे आयर्लंडच्याच मध्यवर्ती बँकेकडे असेपर्यंत त्यातला बराच भाग नफ्याच्या रूपाने तिजोरीत परत येणार.

सरकारने २० अब्जांचा आकडा पुढे केला आणि बरेच जण इथेच घसरतात. तो दहा वर्षांत बाजारातून कमी उचलाव्या लागणाऱ्या कर्जाचा आकडा आहे. त्याला कर्जमाफी म्हणणं चूक, आणि काहीच मिळालं नाही म्हणणंही चूक. वर्षाला २ टक्के महागाई धरली तर तीस वर्षांनी फेडायच्या युरोची किंमत आजच्या ५५ सेंटइतकीच उरते. मुदतीलाही पैशांत किंमत असते.

आता विरोधकांकडे वळू. फियाना फॉलची अडचण उघड होती: चिठ्ठ्यांवर सही त्यांच्याच सरकारची. २०११ मध्ये २० जागांवर आलेल्या या पक्षाने त्या रात्री विधेयकाच्या बाजूने मत दिलं. मला ते योग्य वाटतं. विरोध केला असता तर दुसऱ्याच मिनिटाला विचारलं गेलं असतं, मग ३१ मार्चचा हप्ता कुठून भरणार होतात?

शिन फेनची भूमिका ऐकायला जास्त सरळ होती: हे कर्ज जनतेचं नाही, फेडू नये. पण सप्टेंबर २००८ च्या अखेरीस बँकांच्या देण्यांना सरकारी हमी देणारं विधेयक आलं तेव्हा त्याच पक्षाने पाठिंबा दिला होता. ठामपणे विरोध करणारा पक्ष होता लेबर, आणि २०१३ मध्ये करार करणाऱ्या सरकारात तोच बसला होता. न फेडण्याचा धक्काही युरोपीय व्यवस्थेला बसला असता, कारण चिठ्ठ्यांवरची उचल आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने दिलेली होती. खाजगी रोखेधारकांचे पैसे तोवर बहुतेक चुकते झाले होते. म्हणून ‘फेडणार नाही’ म्हणणाऱ्याने कुणाचे, हे सांगणं भाग होतं. तिथे उत्तर डळमळलं की पत गेली.

विरोधकांनी खरं तर बोट ठेवायला हवं होतं ते दराच्या आणि रोखेविक्रीच्या अटींवर. रोखे तरत्या दराचे होते, सहा महिन्यांचा युरिबोर (युरोपातल्या बँकांचा आपसातला कर्जदर) अधिक सरासरी २.६३ टक्के. युरोपीय मध्यवर्ती बँकेने या व्यवहाराची फक्त ‘नोंद घेतली’, संमतीचा शब्द वापरला नाही, कारण सरकारला थेट पैसा पुरवणं तिला निषिद्ध आहे. त्यामुळे रोखे विकायचं किमान वेळापत्रक ठरलं: २०१४ अखेर अर्धा अब्ज, २०१८ पर्यंत दरवर्षी तेवढेच, पुढे २०२३ पर्यंत दरवर्षी एक अब्ज, नंतर दोन. प्रत्यक्षात विक्री याहून बरीच वेगाने झाली. कर्ज सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने ते रोखे परत घेऊन रद्द केले आणि त्यासाठी बाजारातून नवं कर्ज उचललं. व्याज घरी परतण्याचा फायदा तेवढा लवकर आटला.